पंढरीला न गेलेले सावतोबा



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४६.

भगवंत इथे अर्जुनाला सांगतात की, ज्याच्यापासून हे सगळं निर्माण झालं आणि ज्याने हे सगळं व्यापलंय, त्याची पूजा माणसाने स्वतःच्या कर्मानेच करावी. त्यातूनच सिद्धी मिळते. ज्ञानोबा माउलींनी या श्लोकावर बोलताना आपल्या कर्मांना फुलं म्हटलंय, देवाला वाहायची फुलं.

आज आषाढ वद्य चतुर्दशी, संत सावता माळी यांची पुण्यतिथी. फुलांची उपमा एका माळ्याच्या आयुष्यात कशी खरी झाली, ते आज पाहू. पण आधी घरातली एक गोष्ट सांगतो.

माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, माढा तालुक्यातले शेतकरी. आयुष्यभर ज्वारी केली, थोडा भाजीपाला केला. थकल्यावर बाबांनी त्यांना मुलुंडला आणलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत त्यांनी कुंड्यांमध्ये कोथिंबीर आणि मिरची लावली. एका आषाढीला टीव्हीवर वारी बघताना त्यांचे डोळे भरून आले. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, तरी एकदाही पायी वारी झाली नाही, ही खंत त्यांनी बोलून दाखवली. एकटा माणूस, दावणीला जनावरं, कुणावर सोडून जाणार? आता वर गेल्यावर विठोबाला काय सांगायचं, असा त्यांचा प्रश्न होता. मी मोबाईलमधून डोकं वर न काढताच म्हटलं की, तात्या, काम म्हणजेच पूजा असते. ते गप्प बसले. माझं उत्तर पोकळ होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्या रात्री मी सावतोबांचं चरित्र पहिल्यांदा नीट वाचलं.

सावतोबांचा जन्म १२५० चा. गाव अरण, माढा तालुक्यातलंच. वडील परसोबा आणि आई नांगिताबाई. आजोबा देवू माळी पंढरीचे वारकरी, त्यामुळे घरात विठ्ठलभक्ती आधीपासून होती. भेंड गावच्या जनाबाईंशी लग्न झालं आणि विठ्ठल व नागाताई अशी दोन मुलं झाली. म्हणजे बघा, चारचौघांसारखाच संसार. घर सोडलं नाही, मळाही सोडला नाही.

संसार म्हटला की रुसवेफुगवे आलेच. सासरची मंडळी घरी आली, तेव्हा सावतोबा भजनात इतके रंगले होते की त्यांच्याकडे लक्षच गेलं नाही, असं सांगतात. जनाबाई संतापल्या. सावतोबांनी रागाला रागाने उत्तर दिलं नाही, प्रेमाने समजूत काढली. भक्तीत बुडालेला माणूस घरच्यांशीही मऊ बोलतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ते ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातले. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा इकडे अरणला सावतोबा मोट हाकत होते. ते पंढरपूरला कधी गेलेच नाहीत, असं परंपरा सांगते. कारण त्यांना कांद्या-मुळ्याच्या वाफ्यातच विठाई दिसत होती. मोट, नाडा, विहीर यांतच त्यांची पंढरी होती. त्यांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले. त्यातले सदतीसच आज मिळतात, पण त्यांना अजून मातीचा वास आहे.

मग काय झालं? भक्त गेला नाही, तर देवच आला. कूर्मदासांच्या भेटीला ज्ञानदेव-नामदेवांसोबत निघालेला पांडुरंग वाटेत अरणच्या मळ्यात शिरला आणि मला लपव म्हणाला. सावतोबांनी खुरप्याने आपलं पोट चिरून देवाला आत लपवलं. बाहेर नामदेव देवासाठी रडत, शोधत फिरत होते. ही कथा मी शब्दशः घेत नाही, पण तिचा अर्थ मला पटतो. देव कुठे ठेवायचा, तर आत.

१२९५ साली, आजच्याच तिथीला, अरणमध्येच त्यांनी देह ठेवला. वय अवघं ४५. तिथेच त्यांची समाधी आहे. एरवी सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात. पण या पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून निघून अरणला जाते. आजही!

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या शेजारी बसून मी हे सगळं सांगितलं. पालखीचं त्यांना माहीतच होतं, लहानपणी पाहिलेली. मग मी त्यांना विचारलं की, रात्री दारं धरताना तुम्ही काय करायचा? ते सहज बोलून गेले की, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवलं की एकदा विठ्ठल म्हणायचो, म्हणजे झोप येत नसे. मी म्हटलं, तात्या, मग तुमची वारी झाली की! ते हसले आणि बराच वेळ कुंडीतल्या मिरचीकडे बघत राहिले. पुढच्या पौषात ते गेले. शांतपणे गेले.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या उत्तरात काय चुकलं होतं, ते आता कळतं. काम आपोआप पूजा होत नाही. मी रोज गच्च भरलेल्या लोकलने ऑफिसला जातो, दहा तास काम करतो आणि नामाला वेळ नाही, म्हणून हाच श्लोक ढालीसारखा पुढे करतो. सावतोबांनी कामाची सबब सांगितली नाही. त्यांनी कामच देवाला वाहिलं. फूल झाडावर असतं तोवर ते फक्त फूल असतं. वाहिलं की पूजा होते.

आजचा छोटा संकल्प : प्रत्येक नवीन काम हातात घेताना एकदा विठ्ठल म्हणायचं. मेल उघडताना, भांडी घासायला घेताना, मुलुंड स्टेशनचा जिना चढताना. बस, एवढंच.

तात्यांच्या कुंडीत या पावसाळ्यात मी पुन्हा मिरची लावली आहे. पाणी घालताना नाम घेतो. कधीकधी विसरतो, मग पुन्हा घेतो.

संत सावता महाराज की जय!
राम कृष्ण हरी 🙏