सरहद्द पुसणारा संन्यासी

गोदावरीच्या उत्तर तीरावरचे आपले पैठण १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. दक्षिणेचा शेवगाव तालुका १९४७ पर्यंत ब्रिटिश मुलखात. दोन्हीकडे मराठीच बोलत, पण नाणे वेगळे, कायदा वेगळा आणि माल न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात. स्वामी रामानंद तीर्थांचे चरित्र वाचताना ही सरहद्द मला वारंवार आठवली.

स्वामीजी पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक झाले, १९३२ मध्ये संन्यास घेतला, पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवले.

संस्थानातील सोळा जिल्ह्यांत प्रजा मुख्यतः तेलुगू, मराठी व कानडी बोलणारी. कारभार मात्र उर्दूत. आमच्या घरी सरकारी कागद वाचू शकणारी मी पहिलीच, म्हणून हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. सभेलाही परवानगी लागे. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. जबाबदार राज्यपद्धतीसाठी स्वामीजींनी सत्याग्रह करून तुरुंग पत्करला.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. हैदराबादेत स्वामीजींना अटक झाली. रझाकारांच्या भीतीने कित्येक कुटुंबे सरहद्दीपलीकडे गेली. सरहद्दीवरच्या कॅम्पांतील तरुणांनी करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त केली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले. त्यानंतर मराठवाड्यात अनेक निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली. मुक्तिदिन साजरा करताना हे पान आपण गाळू नये.

पुढची गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. मुक्त झालेले राज्य अखंड ठेवून त्याचे पुढारीपण मिरवता आले असते. स्वामीजींनी भाषावार विभाजनाचा आग्रह धरला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य नकाशावरून गेले. मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९५२ मध्ये कानडी मुलखातील गुलबर्ग्याने त्यांना लोकसभेत पाठवले, १९५७ मध्ये मराठी मुलखातील औरंगाबादने. दोन्ही मुलखांना ते आपलेच वाटले. २२ जानेवारी १९७२ ला त्यांचे निधन झाले.

आज शेवगावला जाताना करोडगिरीचा नाका लागत नाही. अर्जही आपल्या भाषेत लिहिता येतो. त्या अर्जाचे उत्तर वेळेवर मागणे, ते न मिळाल्यास जाब विचारणे, हे काम मात्र स्वामीजी आपल्याकडे सोपवून गेले आहेत.