ॲलिस्टर हार्डी

सर ॲलिस्टर क्लॅव्हरिंग हार्डी (१० फेब्रुवारी १८९६ – २२ मे १९८५) हे ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ होते. प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म सागरी जीवांच्या, म्हणजे प्लवकांच्या, अभ्यासासाठी ते ओळखले जातात.

जीवन

हार्डी यांचा जन्म इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. ऑक्सफर्डमधील शिक्षणानंतर १९२१ साली ते लोस्टॉफ्टच्या मत्स्यसंशोधन केंद्रात रुजू झाले. तेथे त्यांनी हेरिंग माशाच्या आहाराचा अभ्यास केला. १९२५ ते १९२७ या काळात ते ‘डिस्कव्हरी’ जहाजावरील अंटार्क्टिक मोहिमेत मुख्य प्राणिशास्त्रज्ञ होते. १९२८ मध्ये ते हल येथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे त्यांनी ॲबर्डीन व ऑक्सफर्ड येथे अध्यापन केले. १९४० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तर १९५७ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली.

संशोधन

अनेक प्राणिप्लवक रात्री पृष्ठभागाकडे येतात व दिवसा खोल पाण्यात उतरतात. यास दैनंदिन उभे स्थलांतर म्हणतात. पृष्ठभागावरील व खोल पाण्यातील प्रवाहांचा वेग आणि दिशा बहुधा भिन्न असतात. त्यामुळे खाली गेलेला जीव पुन्हा वर येतो तेव्हा त्याच्यावरचे पाणी बदललेले असते. आडवे अंतर पोहून जाण्याची शक्ती नसलेला प्लवक अशा रीतीने नव्या अन्नक्षेत्रात पोहोचतो, असा विचार हार्डी यांनी मांडला. फिरत्या पाणचक्रातील प्रयोगांत काही मिलिमीटर लांबीचा कॅलॅनस तासाला सुमारे १५ मीटर वर चढू शकतो, असे त्यांना व रिचर्ड बेनब्रिज यांना आढळले.

दिवसा खोल जाण्याचे प्रमुख कारण दृष्टीने शिकार करणाऱ्या माशांपासून बचाव हे आज मानले जाते. तथापि स्थलांतरामुळे प्रवाह बदलतो, हा हार्डी यांचा मुद्दा कायम आहे. खाडीत भरती-ओहोटीमुळे हेच तत्त्व वेगळ्या रूपात दिसते. भरतीच्या वेळी वर येणारे आणि ओहोटीच्या वेळी तळाशी राहणारे कोळंबीचे पिल्लू समुद्रात परत न जाता खाडीत आत सरकते. कोकण किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती येत असल्याने असा प्रवास टप्प्याटप्प्याने होऊ शकतो.

प्लवक नोंदयंत्र

जहाजामागे ओढले जाणारे हार्डी यांचे यंत्र रेशमी पट्टीवर प्लवक सलग गोळा करते. १९३१ पासून ते उत्तर समुद्रातील व्यापारी जहाजांमागे ओढले जाऊ लागले. ही नोंद आजही चालू असून सागरातील दीर्घकालीन बदल समजण्यासाठी ती वापरली जाते.