खासगी वेगळी, दौलत वेगळी

आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे. त्यांची लेक अहिल्या ३१ मे १७२५ रोजी जन्मली. मुलींना कोणी पाटी हातात देत नसे, त्या काळात बापाने तिला लिहा-वाचायला शिकवले. पुढे होळकरांची दौलत सांभाळताना हीच शिदोरी कामी आली.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सासरे मल्हारराव यांनी सुनेला सती जाऊ दिले नाही, उलट कारभारात घातले. ते मोहिमेवर असले की वसुली, रसद, दारूगोळा सारे ती पाही. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, वर्षभरात मुलगा मालेरावही गेला. खजिन्यावर डोळा ठेवून राघोबादादा फौजेसह चालून आले. बाईंनी खजिनाही दिला नाही आणि पाठही दाखवली नाही. अखेर माधवराव पेशव्यांनी कारभार त्यांच्याकडेच ठेवला.

होळकरांच्या पैक्याची खाती दोन. एक दौलतीचे, दुसरे खासगीचे. खासगीचे महाल मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना १७३४ मध्ये पेशव्यांकडून मिळालेले. काशी, सोमनाथची देवळे, घाट, विहिरी, अन्नछत्रे यांचा खर्च बाईंनी खासगीतून केला. दौलतीचा पैसा फौजेला आणि राज्यकारभाराला. फौजेवरचे तुकोजी होळकर वरचेवर पैसा मागत आणि बाई हिशेब मागत. त्यावरून दोघांत खटके उडत. घरचा माणूस म्हणून सूट नव्हती. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांनी देह ठेवला.

एक गोष्ट मात्र खरी, की तेव्हा हिशेब राज्यकर्ता मागे, रयतेला तो मागण्याचा हक्क नव्हता. आज आहे. ग्रामपंचायतीच्या उमेदवाराने निकालापासून ३० दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. नाही दिला तर तो पाच वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. हा हिशेब बघायचा तर तहसील कचेरीत माहिती अधिकाराचा अर्ज करावा, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले की झाले. पक्षांच्या देणग्या झाकणारे निवडणूक रोखेही सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केले, तेही मतदाराच्या जाणून घेण्याच्या हक्कापायीच.

जिल्ह्याला बाईंचे नाव मिळाले, चौंडीला दरसाल जयंतीही होते. पण सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनी ग्रामसभेत कीर्द उघडून ठेवली आणि गावकऱ्यांनी ती न लाजता वाचली, तर ती खरी जयंती म्हणावी.