हिमालयाचं तिकीट, कोचरबचं स्टेशन

आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या ३५ व्या श्लोकावर, म्हणजे स्वधर्मावर. हा श्लोक वाचला की आपल्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न येतो. माझा स्वधर्म कोणता, हे मला कळणार कसं? आज उत्तराऐवजी एका वीस वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगते.

विनायक नरहर भावे. जन्म १८९५, कोकणातलं गागोदे गाव. पुढे घर बडोद्याला. मुलगा हुशार, पण मन कॉलेजात नव्हतं. एक दिवस त्याने आपली सर्टिफिकेटं आईच्या चुलीत घातली. आई म्हणाली, असू देत की, कधीतरी उपयोगी पडतील. पण त्याला परतीची वाटच ठेवायची नव्हती.

२५ मार्च १९१६. इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतेलाच उतरला. परीक्षेला जात नाही, पण हातून वावगं काही होणार नाही, एवढं वडिलांना पत्राने कळवलं आणि मित्रांसोबत काशीची वाट धरली. मनात स्वप्नं दोन होती. हिमालयात जाऊन साधना करायची, नाहीतर बंगालात जाऊन क्रांतिकारकांना मिळायचं. काशी दोन्ही वाटांवर होती.

काशीत दुपारचं जेवण अन्नछत्रात. तिथे मिळणाऱ्या दोन पैशांच्या दक्षिणेतून रात्रीसाठी दही आणि रताळी. बरोबर राहिलेला मित्र तिथेच वारला. विचार करा, घर सोडलंय, मित्र गेलाय, आणि हिमालय अजून दूरच आहे. आपण असतो तर म्हटलं असतं, चुकलंच आपलं.

त्याच सुमारास गांधीजींनी फेब्रुवारीत बनारस हिंदू विश्वविद्यालयात केलेल्या भाषणाचा वृत्तांत त्याच्या वाचनात आला. त्याने पत्रातून शंका विचारल्या. उत्तर आलं, त्याने पुन्हा विचारल्या. शेवटी गांधीजींनी कळवलं की असले प्रश्न पत्रांनी सुटत नाहीत, आश्रमात या. ७ जून १९१६ ला तो अहमदाबादच्या कोचरब आश्रमात पोचला. गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी याच्याही हातात सुरी दिली. पहिली दीक्षा ती!

तो हिमालयात गेला नाही, बंगालातही नाही. पण हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती, दोन्ही आपल्याला एकाच माणसात सापडली, असं विनोबा पुढे सांगत.

आता यातला मला सगळ्यात जवळचा धागा. बडोद्याला आई गीतेच्या प्रवचनाला जायची, पण संस्कृत कळायचं नाही. मराठीत आणून दिलेली गीताही तिला अवघड वाटली. मग ती मुलालाच म्हणाली, तूच का नाही करत सोपी? १९१८ मध्ये आई गेली. मुलाने तिचा शब्द पूर्ण केला तो १९३१ च्या फेब्रुवारीत, ‘गीताई’ लिहून. पुढच्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात त्याने दर रविवारी एक अशी अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली म्हणून आज आपल्या हातात आहेत.

म्हणजे बघा, ज्या कामासाठी आज घराघरांत त्यांचं नाव निघतं, ते आईने घर सोडण्याआधीच सांगितलं होतं. मग भटकणं वाया गेलं का? मला नाही वाटत. ऐकलेलं काम पेलण्याइतका तो त्या वाटेवरच घडला.

स्वधर्म शोधायला लांब जावं लागेलही. पण तो भेटतो तेव्हा बहुतेक वेळा साध्या कामाच्या रूपात भेटतो. कुणीतरी पुढे केलेली सुरी, आईने सहज टाकलेला शब्द.

आज एवढंच करूया. घरातलं कुणी आपल्याला कधीपासून काय सांगतंय, ते आठवूया. आणि समोर आलेलं एक लहान काम कंटाळा न करता, त्याला अर्पण करून पूर्ण करूया.

कृष्णार्पणमस्तु.