पूर्णेकाठचा गाडगेधारी

पौष मासातील रविवार आले की वऱ्हाडातील भाविकांची पावले ऋणमोचनाकडे वळतात. अमरावती जिल्ह्यात पूर्णामाईच्या तीरी श्रीमुद्गलेश्वराचे हे स्थान. येथे स्नान केल्याने मनुष्य ऋणमुक्त होतो अशी परंपरागत श्रद्धा आहे. याच मासात मकर संक्रमणाचा सण येतो आणि घरोघरी सुवासिनी मातीची सुगडे पूजतात. ज्या संतपुरुषाने आयुष्यभर मातीचेच एक फुटके भांडे आपले सर्वस्व म्हणून मिरविले, त्याच्या लोकसेवेचा आरंभ याच पूर्णेच्या काठी व्हावा, हा योग मोठा विलक्षण आहे.

श्रीसंत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. पिता झिंगराजी, माता सखुबाई. जात परिटाची, म्हणजे पाण्याच्या आधारानेच चालणारा व्यवसाय. झिंगराजी मद्यपानाच्या आहारी जाऊन अकाली वारले आणि लहानग्या डेबूजीस घेऊन सखुबाई मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी भावाच्या आश्रयास आल्या. गुरे राखणे, नांगर धरणे यांत डेबूजींचे बालपण सरले. पुढे मामांची जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या दुःखाने मामाही गेले. कर्ज आणि व्यसन कुटुंबाचा कसा नाश करितात, हे बाबांना कोणा पंडिताकडून शिकावे लागले नाही.

दापुरे आणि ऋणमोचन हा सारा टापू खारपाणपट्ट्यात मोडतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या या काळ्याभोर भूमीत कापूस, ज्वारी उत्तम पिकते. पण विहीर खणावी तो पाणी खारट! डाळ त्यात शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि तहान भागण्याऐवजी वाढते. कपडे धुण्यावर ज्यांचे पोट, त्या परिटाच्या घरात या खारेपणाची जाणीव इतरांहून अधिकच असणार. गोड पाणी आणावयाचे ते नदीच्या वाळूत झरे खोदून, वाटीवाटीने उपसून, किंवा कोसभर दूरच्या एखाद्या विहिरीवरून. आणि हे पाणी आणावयाचे कोणी? घरच्या लक्ष्मीने, आणि तिच्या पाठोपाठ तिच्या परकऱ्या लेकीने. पुरुष शेताला गेला तरी सायंकाळी ओसरीवर विसावतो. डोईवरचा हंडा मात्र बाईच्या अंगात ताप असला, किंवा तिचे दिवस भरत आले असले, तरी उतरत नाही. ज्या लेकीच्या डोईवर पहाटेपासून घागर, तिच्या हाती पाटी यावी कशी?

सन १८९२ मध्ये डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिल्या कन्येच्या, आलोकेच्या, बारशाला बिरादरीच्या रूढीनुसार मद्यमांसाचे जेवण घालावयाचे, तेथे त्यांनी गोडाचे जेवण वाढले आणि भाऊबंदांचा रोष ओढवून घेतला. कन्येच्या आगमनाचा सोहळा पवित्र व्हावा, हा हट्ट धरणारा हा पिता कोणत्याही शाळेत गेलेला नव्हता.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, एका हाती काठी वा खराटा आणि दुसऱ्या हाती ते गाडगे. त्यातच खावे, त्यातच पाणी प्यावे. गावात शिरताच कोणाशी न बोलता खराटा चालू. गल्ली झाली, गटार झाले, देवळाचे अंगण झाले. रात्री त्याच गावात कीर्तन. दिवसा ज्याला वेडा म्हणून हिणविले, त्याच्याचपुढे रात्री गाव माना डोलावीत बसे.

ऋणमोचनाच्या यात्रेतील हाल बाबा पूर्वीपासून पाहात होते. नदीवर उतरण्यास धड वाट नाही. काठावर चिखलाचा राडा. ज्या पाण्यात पुण्य जोडावयाचे, तेथपर्यंत पोहोचताना म्हाताऱ्याकोताऱ्या घसरून पडत. ओले वस्त्र सावरीत, कडेवर मूल व हाती भरला तांब्या घेऊन तो चढ चढणे म्हणजे स्त्रियांची सत्त्वपरीक्षाच. बाबांनी तेथे सन १९०८ मध्ये पूर्णेवर घाट बांधविला आणि लक्ष्मीनारायणाचे मंदिरही उभारले. देवळाचे नाव चटकन् घेतले जाते, घाटाचे सहसा कोणी घेत नाही. परंतु यात्रा वर्षातून चार रविवारची, आणि पाण्याला उतरणे बारमाही. पायरीवर पाय ठेवून निर्धास्त घागर भरणाऱ्या माऊलीला विचारल्यास तिला घाटही देवळाइतकाच पवित्र वाटेल, असे आम्हांस वाटते.

पुढचे कार्य अफाट आहे. मूर्तिजापूरचे गोरक्षण, नाशिक, आळंदी, देहू येथील धर्मशाळा, सारे येथे कोठवर सांगावे? पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेचा उल्लेख मात्र केलाच पाहिजे. विठ्ठलाच्या नगरीत ज्यांना ओसरी मिळत नव्हती आणि विहिरीवर हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्यासाठी ती १९१७ साली उभी राहिली. आपल्या हाताने पाणी शेंदावयाचे नाही, कोणी वरून ओंजळीत ओतील तेव्हाच प्यावयाचे, ही मानहानी त्या समाजातील स्त्रियांच्या वाट्याला रोज येत असे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो त्यानंतर दहा वर्षांनी, १९२७ मध्ये. पुढे १९४९ साली बाबांनी ही धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस देऊन टाकली.

बाबांच्या दशसूत्रीत भुकेल्यास अन्नानंतर लगेच तहानेल्यास पाणी येते, आणि थोडे पुढे गरीब मुलांबरोबर मुलींच्याही शिक्षणाला साह्य येते. ही सूत्रे पाठ करणाऱ्यांनी त्या दोहोंतील संबंध वऱ्हाडच्या पाणवठ्यावर जाऊन पाहावा. आता सातपुड्यातील वान, शहानूर या धरणांचे पाणी नळाने खारपाणपट्ट्यातील गावांत पोहोचले आहे. ज्या गावी ते नियमित येते तेथील मुलीची सकाळ तिची स्वतःची झाली. जेथे दिवसांच्या अंतराने येते तेथे अजूनही घागरींची रांग लागते आणि रांगेत बहुधा शाळकरी पोरच उभी असते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. बाबांची प्रकृतीही तेव्हा ढासळत चालली होती. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे मोटारीने नेत असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर त्यांची प्राणज्योत मालवली. अमरावतीत ज्या ठिकाणी त्यांची समाधी आहे, ती वस्ती आज गाडगेनगर या नावाने ओळखली जाते.