तुकडोजी महाराज

तुकडोजी महाराज (३० एप्रिल १९०९ – ११ ऑक्टोबर १९६८) हे विदर्भातील संत, कवी, खंजिरीवर भजने गाणारे प्रबोधनकार आणि ग्रामसुधारक होते. त्यांचे मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. गावातील तंटे कोर्टकचेरीत न नेता सामोपचाराने गावातच मिटावेत, हा त्यांच्या ग्रामोन्नतीच्या विचारातील महत्त्वाचा भाग होता.

जीवन

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपुढे गेले नाही. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. किशोरवयात घर सोडून ते चिमूर परिसरातील रामदिघी आणि गोंदोडा येथील अरण्यांत राहिले. हा भाग तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात येत असे; आजचा गडचिरोली जिल्हाही १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्यात समाविष्ट होता.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. त्यानंतर महाराजांना चंद्रपूर येथे अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगवासानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली. मोझरी येथील गुरुकुंज आश्रम आणि श्री गुरुदेव सेवा मंडळ ही त्यांच्या कार्याची केंद्रे होती.

गावतंट्यांविषयीचे विचार

४१ अध्यायांच्या ‘ग्रामगीता’ या ओवीबद्ध ग्रंथात त्यांनी आदर्श गावाची मांडणी केली आहे. बांध, पाण्याची वाट किंवा गुरांनी केलेली नासाडी यांवरून शेजाऱ्यांत वाद होतात. असा वाद न्यायालयात गेल्यास लहान शेतकऱ्याचा पैसा व वेळ खर्ची पडतो आणि निकालानंतरही वैर उरते. निवडणुकीतील गटबाजीने ते अधिक वाढते. म्हणून केवळ निवाड्यावर न थांबता गावाची एकजूट घडवण्यावर महाराजांनी भर दिला. सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई आणि श्रमदान या उपक्रमांत सर्व जातिधर्मांचे लोक एकत्र येत. एकमेकांशी अबोला धरलेल्यांनाही त्यात शेजारी बसावे लागे.

गावातील मध्यस्थीला एक धोका असतो: बलवान पक्षाच्या दडपणाखाली दुर्बलाला तडजोड स्वीकारावी लागू शकते. महाराजांनी अस्पृश्यता व जातिभेदाला केलेला विरोध या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. समतेवाचून समेट टिकत नाही.

वारसा

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तिच्यात ग्रामसभेतून निवडलेली समिती दोन्ही पक्षांच्या संमतीने वाद मिटवते. कायद्याने तडजोडीस अपात्र ठरवलेले गंभीर गुन्हे मात्र न्यायालयाकडेच राहतात. गावाने आपले वाद स्वतः सोडवावेत, हा महाराजांनी अर्धशतकापूर्वी मांडलेला विचार या मोहिमेच्या मुळाशीही दिसतो. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.