बुरशीत सापडलेला इलाज : अलेक्झांडर फ्लेमिंग

अल्लाहने प्रत्येक आजारावर इलाज ठेवला आहे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. असाच एक इलाज शोधणारे होते अलेक्झांडर फ्लेमिंग. घसा किंवा कान दुखू लागला की डॉक्टर कधीकधी मुलांना अमॉक्सिसिलिन लिहून देतात. त्या औषधाचं मूळ फ्लेमिंग यांच्या शोधात आहे.

६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधल्या एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सात वर्षांचे असताना वडिलांचं छत्र हरपलं. पुढे लंडनला येऊन त्यांनी चार वर्षं जहाज कंपनीत कारकुनी केली. चुलत्यांच्या वारशातून थोडे पैसे मिळाले, तेव्हा कुठे ते सेंट मेरीज हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्यांनी कित्येक जवान जखमा चिघळून मरताना पाहिले. जंतू मारणारं, पण माणसाला इजा न करणारं औषध हवं, हा ध्यास तिथूनच घेतला.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर त्यांना जंतू वाढवायच्या एका काचेच्या बशीत बुरशी आलेली दिसली. बुरशीभोवतीचे जंतू मात्र विरघळून गेले होते. दुसरा कुणी असता तर बशी फेकून मोकळा झाला असता. फ्लेमिंग यांनी बुरशीतून निघणाऱ्या द्रव्याला पेनिसिलिन हे नाव दिलं. ते शुद्ध करणं मात्र त्यांना जमलं नाही. ते काम ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. १९४१ मध्ये तिथल्या एका पोलिसाला हे औषध दिलं, तो सुधारू लागला, पण औषधाचा साठा संपला आणि तो दगावला. १९४५ चं नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळून मिळालं.

पेनिसिलिन जंतूला त्याच्याभोवतीची भिंत बांधू देत नाही, त्यामुळे जंतू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून त्या वाचतात. सुरुवातीचं पेनिसिलिन पोटातल्या आम्लात नष्ट व्हायचं, म्हणून इंजेक्शन घ्यावं लागे. पोटात टिकणाऱ्या गोळ्या नंतर आल्या. आपल्या पिंपरीत सरकारने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला, तोही पेनिसिलिन बनवण्यासाठीच.

नोबेलच्या भाषणातच फ्लेमिंग यांनी धोक्याची सूचना दिली होती. औषध कमी प्रमाणात घेतलं तर जंतू मरत नाहीत, उलट त्याला दाद न देणारे जंतू वाढतात, आणि त्याची शिक्षा घरातल्या दुसऱ्याच माणसाला भोगावी लागू शकते.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग वारले. त्यांची सूचना आज आपल्या घरांनाच लागू पडते. ताप उतरला की गोळ्या बंद करायच्या, उरलेल्या डब्यात ठेवायच्या आणि पुढच्या वेळी शेजारच्या आपांना द्यायच्या, हे आपण थांबवायला हवं. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, त्यांच्यावर या गोळ्या चालत नाहीत. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. रमजानमध्ये रोजा असेल तर डोस आपल्या मनाने चुकवू नका, वेळा डॉक्टरांना विचारा. आजारी माणसाला रोजा नंतर ठेवण्याची सवलत दीनने दिलेलीच आहे.

शिफा देणारा अल्लाह आहे, पण औषध नीट घेणं ही आपली जबाबदारी आहे.